तो, ती, ते आणि रशियातला हिवाळा

मंडळी, सत्याला कुणाचंही भय नसतं. राजाचं नसतं, तुरुंगाचं नसतं, प्रत्यक्ष काळाचंही नसतं. अगदी त्रिवार सांगतो.

सत्य बोलणाऱ्याला मात्र असतं. सत्याला काय होतंय हो — त्याला ना घर, ना बायको, ना सासुरवाडी. बोलणाऱ्याला हे सगळं असतं. म्हणून आजचा प्रश्न असा — मागे शेंगा सोलताय त्यांनी जरा थांबा — प्रश्न असा, की भ्यालेल्या माणसाच्या तोंडून एखादी गोष्ट निघाली आणि ती दहाजणांना लागली, तर ती त्यानं मारली म्हणायची, की दहाजणांनी लावून घेतली?

उत्तरासाठी आपल्याला रशियात जायचंय. का? इथे भ्यालेली माणसं नाहीत? आहेत की. पण आपल्या देवस्थानाचे अध्यक्ष अण्णासाहेब माईणकर — हे काय, पुढेच बसलेत, खुर्चीवर — मला सकाळी म्हणाले, "बुवा, आख्यान कुठलंही लावा, फक्त कुणाला लागणार नाही असं बघा." मी म्हटलं, रशियातलं लावतो. मुलूख परका, काळ जुना, सगळे मेलेले. कुणाला लागणार? म्हणाले, "चालेल. पण माणूस सभ्य घ्या." म्हणून कवी घेतला.

तर ऐका. झारचं राज्य. झार म्हणजे तिथला राजा. त्याच्या राजधानीत एक कवी राहायचा — आर्सेनी ल्वोविच तुमानोव. ल्वोविच म्हणजे काय? तर ल्येवचा मुलगा. आपण शाळेच्या दाखल्यावर बापाचं नाव लावतो, ते लोक हाक मारतानाच लावतात. मान द्यायचा तर बापासकट. कवीची बायको ग्लाफीरा निकानोरोव्हना. म्हणजे निकानोरची मुलगी. पंचाईत लक्षात येतेय का? बायकोला चार लोकांत मानानं हाक मारायची, तर दर वेळी सासऱ्याचं नाव घ्यायचं.

आणि सासरे काही लांब नव्हते. निकानोर साव्विच थंडी पडली की लेकीकडे राहायला यायचे. तिथे घराच्या मधोमध विटांची भलीमोठी भट्टी असते, तिच्या माथ्यावर झोपायची सोय असते. घरातली उबेची जागा तेवढीच. तिथे सासरे. आणि आमचा कवी? खिडकीशी. हातमोजे घालून यमकं जुळवतोय.

अशात त्यानं एक कविता लिहिली. हिवाळ्यावर. विश्राम, पेटीवर सूर द्या —

आला पाहुणा म्हणुनी दारी, बसला ठाण मांडुनी,
ऊब घराची गिळतो सारी, जाईना तो उठुनी.

कोण हसलं? ऋतुवर्णन आहे हे. पुढे ऐका —

दिवसाढवळ्या घोरत राही, उठतो कुरकुर करुनी,
जाईना तो उठुनी, देवा, जाईना तो उठुनी.

झालं. आपण म्हणू, बरी आहे, चाल लागते. पण तिथे कायदा असा, की कविता छापायची तर आधी सेन्सॉरला दाखवायची. सेन्सॉर म्हणजे पगारी संशय घेणारा माणूस. तुम्ही-आम्ही हौसेनं घेतो.

सेन्सॉरचं नाव कासियान येगोरोविच. माणूस दुष्ट नव्हता, घाबरलेला होता. त्याच्या आधीच्या सेन्सॉरनं एक पंचांग मंजूर केलं होतं, आणि त्यात नेमकं झारच्या वाढदिवशी ग्रहण निघालं. तो गृहस्थ पुढे कुणाला दिसला नाही. तेव्हापासून कासियान येगोरोविच पाककृतीसुद्धा दोनदा वाचायचा.

त्यानं ही कविता वाचली. ठाण मांडून बसलाय. सगळं गिळतोय. दिवसा झोपा काढतोय. आणि उठत नाही. त्याला घाम फुटला. कवीला बोलावणं गेलं.

"आर्सेनी ल्वोविच, हा कोण?"

"हिवाळा."

"हिवाळा 'तो' कशाला पाहिजे?"

आता मंडळी, रशियन भाषेचं एक बरं आहे. तिलाही आपल्यासारखीच तीन लिंगं. तो, ती, ते. गेला, गेली, गेलं. पोरांना व्याकरणात जितका मार इथे पडतो, तितकाच तिथे.

तुमानोव म्हणाला, "थंडी म्हणता येईल. थंडी 'ती' असते."

"मग ती करा. 'तो' म्हटलं की लोक वर बघतात."

तुमानोव घरी आला. तोवर ही बातमी मित्रांत पोचलेली. मित्र आले, पाठीवर थापा मारल्या, "काय हाणलास रे झारला! छाती पाहिजे!" असं म्हणाले, आणि यायचे बंद झाले. झारला? झार तुमानोवच्या डोक्यातही नव्हता. पण हे सांगायचं कुणाला? सांगितलं, तर पुढचा प्रश्न ठरलेला — मग कोण?

झारवर बोललं की सैबेरिया, म्हणजे तिथलं काळं पाणी, बर्फातलं. बायकोनं लोकरीचे मोजे विणायला घेतले. "सैबेरियात आधी पाय जातात म्हणे," ती म्हणाली. "जाड टाके घातलेत." रस्त्यावरून घसरगाडी गेली, घोड्याचे घुंगरू वाजले — झांजवाले, हळू — की हा खिडकीपासून बाजूला. घुंगरू पुढे गेले, की पुन्हा खिडकीशी. आणि भट्टीवरून आवाज, "जावईबापू, बसा की एका जागी. येरझाऱ्या घातल्या की वारा येतो."

त्यानं कविता बदलली. आली पाहुणी म्हणुनी दारी, बसली ठाण मांडुनी. जाईना ती उठुनी.

हां, आता बायकांच्या बाजूला हसू आलं. कोण आठवलं, काकू? सांगू नका. शेजारीच बसल्या असतील.

सेन्सॉरनं वाचली आणि पांढरा पडला. कारण राणीसाहेब परमुलखातून लग्न होऊन आलेल्या. आली पाहुणी! "आर्सेनी ल्वोविच," तो म्हणाला, "तुम्ही मला घेऊन बुडणार. 'तो' नको, 'ती' नको. तिसरं काही आहे का?"

होतं. हिंव. अंगात भरतं ना, ते हिंव. आलं पाहुणं म्हणुनी दारी, बसलं ठाण मांडुनी.

मला सांगा, आपण माणसाला 'ते' कधी म्हणतो? एक तर लहान लेकराला. नाहीतर — ते बघा, आलं ध्यान. तिथेही तसंच. आणि त्या राजवाड्यात एक युवराज होते. वयानं थोर होते. बाकी... थोर होते एवढंच म्हणू. म्हणजे बघा, तो म्हटलं की राजा, ती म्हटलं की राणी, ते म्हटलं की युवराज. बिचाऱ्यानं एका कवितेत अख्खं घराणं घेतलं. व्याकरण संपलं, पण संशय संपला नाही.

तिसऱ्यांदा बोलावणं आलं. या वेळी बायकोही बरोबर गेली, मोज्यांचं गाठोडं घेऊन. परस्पर सैबेरियात पाठवलं तर? ती त्याच्या शेजारीच बसली.

सेन्सॉर हात चोळत होता. "आता मला वर कळवावंच लागेल. पण तुम्ही घरंदाज माणूस. शेवटचं विचारतो. हा पाहुणा कोण? खरं एक नाव सांगा. झार नसला, तर आत्ता शिक्का मारतो आणि सोडतो."

बघा बरं. सत्य बोललं की सुटका. एवढी सोपी परीक्षा तर देवानं हरिश्चंद्रालाही दिली नव्हती. एक नाव घ्यायचं. तुम्ही ते केव्हाच ओळखलंय.

तुमानोवनं उजवीकडे बघितलं. उजवीकडे ग्लाफीरा — निकानोरोव्हना. मांडीवर मोजे. पुढे बघितलं, पुढे सैबेरिया. तो विचार करू लागला. सैबेरियातून माणसं परत येतात, असं त्यानं ऐकलं होतं.

आणि काहीतरी बोलायचं म्हणून, निव्वळ वेळ काढायला, तो म्हणाला, "कासियान येगोरोविच, तुम्हाला कोण वाटलं?"

सेन्सॉरनं टाक उचलला. आता वर कळवायचं तर काय लिहायचं? की 'दिवसा घोरणारा, सगळं गिळणारा, काही केल्या न उठणारा असं वाचलं, आणि मला एकदम महाराजांची आठवण झाली'? खाली सही कुणाची? त्यानं टाक ठेवला.

"मला हिवाळाच वाटला," तो म्हणाला. "पहिल्यापासून."

"मग 'ते'च ठेवू?"

"'तो' करा. हिवाळा तोच असतो. व्याकरणात ढवळाढवळ करू नये."

शिक्का बसला. नवराबायको घसरगाडीत बसली. मग ती म्हणाली, "अहो, हिवाळा घोरतो का?"

"वारा तसा वाजतो."

"दिवसाढवळ्या?"

तो घोड्याकडे बघत राहिला.

"मोजे काही मी उसवायची नाही," ती म्हणाली. "बाबांना होतील."

कविता छापून आली. गावात गाजली. तरुण पोरं ती चौकात पाठ म्हणायची आणि राजवाड्याकडे बघायची. तुमानोव निर्भय ठरला. 'कचेरीत एक शब्द बोलला नाही, उलट सेन्सॉरलाच जाब विचारला,' असं लोक सांगू लागले. पुढे त्याचा पुतळा झाला. आणि खुद्द निकानोर साव्विचनी ती भट्टीवर पडल्या पडल्या वाचली. दोनदा वाचली. म्हणाले, "जावईबापू, झारला चांगलं सुनावलंत. कुणीतरी म्हणायलाच हवं होतं — ऊठ बाबा आता." आणि चहाबरोबर मुरंबा मागितला.

म्हणून मंडळी, बाण एकच असतो. लागतो मात्र ज्याला त्याला हव्या त्या दिशेला, स्वतःची तेवढी सोडून. मघाशी मी 'जाईना तो उठुनी' म्हटलं, तेव्हा तुम्ही सगळे हसलात आणि सगळ्यांनी एकाच खुर्चीकडे पाहिलंत. इथून दिसतं हो सगळं. मी हिवाळ्याबद्दल बोलत होतो. अण्णासाहेब, तुम्ही उद्या मला विचाराल, बुवा, तो कोण? मीही विचारीन, तुम्हाला कोण वाटलं?

पण तुमचं काय? हसलेल्यांचं? अध्यक्ष उठत नाहीत, सासूबाई उठत नाहीत, साहेब उठत नाहीत. सगळं खरं. आता घरी जाल, आपल्या नेहमीच्या जागी बसाल, तेव्हा एवढंच बघा — ती जागा कुणाची भट्टी तर नाही ना. आणि खिडकीशी कुणी हातमोजे घालून यमक जुळवत तर नाही ना. तुमच्यावर रचलेली कविता तुम्हाला आवडेल. तुम्ही ती दुसऱ्याला म्हणून दाखवाल.

बाकी, निकानोर साव्विच जूनमध्ये आपल्या गावी गेले. ऑक्टोबरात परत आले.