ओळख न पटलेल्या गोगलगायी

मॅडमचे मालक सलीमभाई, घरची सारी माणसं, कॉलेजातले सोबती अन् खेड्यापाड्यांतून आलेले कास्तकार हो. मले या शोकसभेत बोलायले उभं केलं. नसीम मॅडमच्या भूगर्भशास्त्राच्या खोलीले लागून माही रसायनशास्त्राची खोली. भिंतीपलीकडून त्यांच्या छिन्नीची टकटक यायची. सोमवारी मॅडम गेल्या. तवापासून टकटक बंद आहे.

कुठं विहीर खणणं सुरू झालं की मॅडम हजर. दोन काळ्या पाषाणांच्या मधात पांढुरका थर लागते. त्यात दगड झालेल्या गोगलगायी, शिंपले. सारे गोड्या पाण्यातले. गोगलगायीचं टोक वर धरायचं, तोंड आपल्याकडं. तोंड डाव्या बाजूले असलं तर एक जात, उजव्या बाजूले असलं तर दुसरी. असं त्या पोरांले शिकवायच्या.

ते दुष्काळाचे दिवस आठवा. विहिरी कोरड्या, गावागावात मयत. लोक म्हणत, "माणसं मरून राहिली अन् ही बाई गोगलगायी वेचून राहिली."

पातूरकडच्या एका गावात तर त्यांले पाणी पाहणारी बाई समजून हाती नारळ दिला. "मॅडम, खाली पाणी लागन काय?" सारं गाव तोंडाकडं पाहत होतं. हो म्हणायले काय जात होतं? मॅडमनं नारळ परत दिला. "भाऊ, लय जुन्या काळी इथं तळं होतं, एवढंच सांगता येते. आज खाली पाणी आहे का, मले नाही माहीत." लोकांची बोलणी खाल्ली, पण खोटं नाही बोलल्या.

तोंड तुटलेली गोगलगाय आली की डबीवर लिहीत, 'ओळख पटली नाही'. मी म्हणायचो, "द्या ना एखादं नाव ठोकून. कोण पाहते?" त्या म्हणत, "मागून येणारा पाहीन. खोटं नाव वाचून तो शोधणंच सोडून देईन."

आता कॉलेज म्हणते, नाव पटलेले दगड ठेवू, बाकीच्या डब्या नव्या फाटकाच्या पायव्यात टाकू. कावून? ओळख पटली नाही म्हणून भंगार? मी नाही टाकू देणार. मेमो द्या, पगार थांबवा. सलीमभाईनं मॅडमच्या खोलीची किल्ली माह्याजवळ दिली आहे.

चला, उभे राहू. मॅडमसाठी थोडा वेळ गप्प राहू. मग मी त्या खोलीत जाऊन बसतो. ज्याले डब्या न्यायच्या, त्यानं आधी एकेका गोगलगायीचं खरं नाव मले सांगावं.