डॉक्टरांनी राखलेली भिंत

मी, नाव वर लिहिल्याप्रमाणे, धंद्यात सगळे ओळंबाबाई म्हणतात, वय ४७ वर्षे, धंदा गिलाव्याची कामे घेणे, राहणार लोखंडाच्या गोदामामागील खोल्या, पोलीस ठाण्यात समक्ष विचारल्यावरून सांगते की,

मी, माझे दीर आणि चार माणसे अशी आमची टोळी आहे. तक्रार देणाऱ्या डॉक्टरांच्या दवाखान्याचा गिलावा आम्ही केला. काम बांधकाम कंपनीने दिले होते. कंपनी बुडाली आणि आमची मजुरी अडकली. कंपनीची येणी गोळा करायला कोर्टाने एक अधिकारी नेमले आहेत. ते म्हणाले, सगळ्यात मोठे येणे डॉक्टरांकडेच आहे, ते आले तर त्यातून तुमची मजुरी निघेल. दीर याच इमारतीच्या परांचीवरून पडले होते. त्यांच्या गुडघ्याचे ऑपरेशन पैशांसाठी थांबले आहे.

करारात शेवटचे बिल सगळे काम संपल्यावर द्यायचे ठरले होते. तळमजल्यावर औषधांच्या खोलीत एक भिंत बिनगिलाव्याची राहिली. त्या भिंतीवर बोट ठेवून डॉक्टर काम अपुरे म्हणतात आणि बिल देत नाहीत. दीड वर्ष दवाखाना जोरात चालला आहे, बाकड्यावर बसायला जागा नसते, पण काम अपुरे. ती भिंत करून द्यायला मी कितीदा तरी गेले. दर वेळी आज नको म्हणून परत पाठवले. अधिकाऱ्यांच्या पत्रांनाही काम अपुरे हेच उत्तर. चोर तो चोर, वर शिरजोर. हे वाक्य लिहायचे नसते असे हवालदार म्हणाले. मी लिहा म्हणाले.

काल रविवारी सकाळी मी वाळू, सिमेंट आणि थापी घेऊन मागच्या दाराने गेले. दार उघडे होते. कुलूप तोडलेले नाही. सिस्टरने कशाला आलात असे विचारले. मी खरे तेच सांगितले. ती म्हणाली, "बरं झालं बाई, विटांची माती रोज औषधांवर पडते." तिनेच कपाट सरकवायला हात लावला. तिच्यावर काही येऊ नये.

दुपारपर्यंत भिंत झाली. मग डॉक्टर आले. माझी भिंत खराब केली म्हणाले, आत्ताच्या आत्ता काढून टाक म्हणाले. गिलावा केल्याने भिंत खराब होते हे मी या धंद्यात पहिल्यांदा ऐकले. मला संताप आला. मी म्हणाले, "तुम्हीच खरवडा. फक्त झालेलं काम तुम्ही पाडलंत, एवढं लिहून द्या." त्यावर त्यांनी पोलिसांना फोन केला. शिवीगाळ मी केलेली नाही. मनात केली.

परवानगी न घेता आत गेले, हे मला मान्य आहे. नुकसान केले, हे मान्य नाही. त्या भिंतीवर ओळंबा लावून बघा, दोरीला सरळच भरेल.

आजपासून आठवडाभर भिंतीवर पाणी मारावे लागेल. नाही मारले तर तडे जातील आणि डॉक्टर पुन्हा काम अपुरे म्हणतील. मला इथे बसवून ठेवायचे तर ठेवा, पण सकाळ-संध्याकाळ कोणाला तरी बादली घेऊन पाठवा.

लिहिलेले सगळे मला वाचून दाखवले. मी सांगितले तसेच आहे. पाण्याचे तेवढे गाळले होते, ते माझ्या सांगण्यावरून पुन्हा घातले, मगच अंगठा दिला.