विहिरीजवळचं झाड

सौंसरच्या स्टँडवर नागपूरची गाडी लागली, तरी मागच्या बाकावरच्या दोन म्हाताऱ्यांचं बोलणं सोडून स्मिताबाईंचा पाय निघेना.

"गुणवंता, संत्र्याचा सारा बगीचा व्यापाऱ्याले तोडाले दिला म्हणे."

"दिला, बापूजी. विहिरीजवळचं एक झाड ठेवलं, प्रणालीसाठी."

"येऊन राहिली का पोरगी?"

"कुठची? समुद्राकाठची दलदल राखून राहिली. दूरदेशचे पाखरं हिवाळाभर तिथं उतरतेत, अन् लोक मुरूम टाकून बुजवतेत."

"चिखलाले राखण? मंग येईन कधी?"

"पाखरं परत गेल्यावर. उन्हाळ्यात."

"तवरीक संत्रं राहते काय झाडावर?"

"नाही राहत. आताच गळून राहिले. उरलेले पोपट खातेत."

"अन् तू हाकलत नाहीस?"

"कायले हाकलू? पाखरांचं सांगितलं, का पोरगी फोन लवकर ठेवत नाही."