फोनला लेक ओळखायला शिकवलं

हसू नका, पण मी सातवी शिकलेली बाई मोबाईलवर एआयचं प्रोग्रामिंग शिकतेय. पहिला धडा होता, फोटो दाखवून मशीनला माणसं ओळखायला शिकवायचं. मी माझी तान्ही स्वरा आणि जावेची मोठी परी, दोघींचे पुष्कळ फोटो दिले. मशीननं दोघी बरोबर ओळखल्या. अंगावर काटाच आला माझ्या.

दुसऱ्या दिवशी ऑनलाइन क्लासात शिकवणाऱ्या मॅडमना दाखवायचं, म्हणून स्वराला आंघोळ घालून नवा फोटो काढला. उत्तर आलं, परी! आता सगळ्यांपुढं हसं होणार.

सासूबाई म्हणाल्या, "तीट न लावताच फोटो काढलास व्हय गं?" त्यांनी लेकीच्या गालाला काजळाचं बोट लावलं. परत फोटो काढला, तर स्वरा!

मग त्यांनी स्वतःच्याच गालाला तीट लावली. "आता माझा काढ की."

मशीन म्हणालं, स्वरा!

मॅडमना भीतभीतच सांगितलं. त्या म्हणाल्या, "मशीन चेहरा शिकलंच नाही, तीट शिकलं. छान शोधलंत!"

मी थक्क. सासूबाईंना मात्र कसलंच नवल नाही. "आगं, बघणाऱ्याची नजर तितंच अडकावी म्हणून तर तीट लावायची. ह्याची बी अडकली!"