पाचपर्यंत माझा, सहावा डॉक्टरणीचा

माझं माहेर दापोऱ्याचं. घरी केळी, दारात केळी, ताटातही केळी, आणि आम्ही पाच बहिणी. शाळा चौथीपर्यंत झाली, कारण पाचवीला दुसऱ्या गावी जावं लागायचं आणि बाप म्हणाला, हिला मोजता येतं, पुरे झालं. मग लग्न होऊन मी बुऱ्हानपुरात सिंधीपुऱ्यात आले. सासरी दोन पॉवरलूम होते. आमचे मालक, म्हणजे दिनूचा बाप, माग चालवायचे आणि मी धाग्याच्या कांड्या भरायची. दिवसभर खडखडाट, माणूस शेजारी बसून बोलला तरी ओठ बघून समजायचं. सासू काय बोलायची ते मला पहिली चार वर्षं कळलंच नाही, म्हणून तर संसार टिकला.

तर दाताचं असं झालं. माझ्या दिनूचा पहिला दात हलायला लागला, पोरगं दिवसभर जिभेनं तेच करत बसलेलं, जेवेना. मी कांडीवरचा धागा तोडला, दुहेरी केला, गाठ मारली, आणि विचारलं, काल मामाकडे काय जेवलास रे? तो आठवतोय तोवर दात माझ्या हातात. पोरगं किंचाळलं असेल, पण मागाच्या आवाजात कोणाला ऐकू जाणार? शेजारणीनं बघितलं, दुसऱ्या दिवशी तिनं तिचा पोरगा आणला. मग गल्लीच लागली. मी कोणाची काकू नाही, कोणाची मावशी नाही, सगळी गल्ली मला दातवाली म्हणते. आजपर्यंत किती दात काढले याचा हिशेब नाही, आणि माझ्या हातून कोणी मेलं नाही, एवढं लिहून घ्या.

पडलेला दात शेणाच्या गोळीत घालून कौलावर फेकायचा, उंदीरमामा, जुना घे, नवा दे म्हणायचं, हे तुम्हाला माहीत असेल. आता घरावर स्लॅब झाला आणि शेण बाजारात मिळत नाही, म्हणून मी कणकेची गोळी करते. पीहू म्हणजे दिनूची मुलगी, सहा वर्षांची. तिचा पुढचा दात मी असाच फेकला तर कबुतर आलं आणि गोळी घेऊन गेलं. पोरगी रडायला लागली, दादी, अब मुझे कबूतर के दाँत आएँगे. मी म्हटलं, कबुतराला दातच नसतात. तशी ती जास्तच रडली. खरं बोलून पोरांची समजूत निघत नाही.

काय सांगत होते? हां. त्याच पीहूची मागची दाढ दुखायला लागली. मी बघितलं, खालच्या बाजूला अगदी मागे, काळा खड्डा. मी म्हटलं दुधाचा दात आहे, सहा वर्षांची तर आहे, पडणारच आहे, लवंग दाबून धर. चार दिवस लवंग झाली. पाचव्या दिवशी पोरगी वरणभातही खाईना, म्हणून मी धागा काढला. माग विकून बारा वर्षं झाली, पण एक कांडी मी ठेवलीय. धागा काही बसेना, सरकायचा. दात हलतच नव्हता. मला राग आला, म्हटलं मी एवढ्यांचे काढले, तू कोण लागून गेलास. एक टोक दाढेला कसंबसं आवळलं, दुसरं दाराच्या कडीला बांधलं. तेवढ्यात त्याच दारातून सून आली, मनीषा. बाहेरून दार ढकललं, नशीब आत उघडतं, नाहीतर दात राहिला असता आणि पोरगी गेली असती.

मनीषा बोलायला लागली की थांबत नाही. आई, ये क्या कर रहे हो, आई, हा पक्का दात असला तर? मी म्हटलं, पक्का दात पडल्यावर येतो. इथला कुठला पडलाय? मीच काढते ना सगळे, मला माहीत नाही? ती म्हणाली, डॉक्टरकडे चला. मी म्हटलं, चल, आणि दुधाचा निघाला तर महिनाभर सकाळचा चहा तू करायचा. ती म्हणाली, तो मी आजही करते. हाव, ते खरं होतं, पण रागात माणूस काहीही बोलतो.

दिनू मोटरसायकलवर पीहूला घेऊन पुढे, आम्ही दोघी रिक्षात मागे, एकमेकींकडे न बघता. डॉक्टरीण लहान पोरगी, माझ्या नातीएवढीच वाटली मला. तिनं पीहूला खुर्चीत झोपवलं, दिवा लावला, बघितलं आणि म्हणाली, आजी, मोजता येतं? मी म्हटलं चौथी पास आहे. मग मधून मोजा. मी मोजलं, एक, दोन, तीन, चार, पाच, सहा. ती म्हणाली, दुधाचे एका बाजूला पाचच असतात. सहावा सहाव्या वर्षाला सगळ्यांच्या मागे गुपचूप येतो, त्याच्यासाठी कोणी पडत नाही, म्हणून घरच्यांना वाटतं हाही दुधाचाच. हा आता जन्मभराचा. हा ओढला असता तर जागा रिकामीच राहिली असती.

मी परत मोजलं, सहाच. माझ्यामागून मनीषानंही बोटांवर मोजलं.

डॉक्टरणीनं विचारलं, आजी, तुमचे दात? मी कवळी काढून तिच्या ट्रेमध्ये ठेवली, म्हटलं बघून घ्या. तरुणपणी मिसरी लावायची, पन्नाशीच्या आत सगळे गेले. ती हसली नाही. मला ती आवडली तेव्हा.

मग मी विचारलं, आणि हा सहावा ज्याचा लहानपणीच गेला, त्याचं काय होतं? म्हणाली, काही नाही, माणूस दुसऱ्या बाजूनं चावायला शिकतो. मी दिनूकडे बघितलं. तो हातात हेल्मेट धरून भिंतीला टेकला होता. दिनू डाव्या बाजूनंच चावतो. आम्ही म्हणायचो बापाची सवय आहे. सात वर्षांचा होता, मागचा दात किडला, मी म्हटलं पडणारच आहे. किडून त्याचे तुकडे झाले, मोठा तुकडा मीच धाग्यानं काढला, कौलावर फेकला आणि वाट बघितली. नवा आलाच नाही. मी उंदराला बेइमान म्हटलं, आणि चाळीस वर्षं तेच म्हणत होते.

पीहूचा दात भरून दिला, राहिला तो. घरी आल्यावर मी दिनूला विचारलं, उजवीकडे दुखतं का रे अजून? म्हणाला, आई, तिथं दुखायला काय उरलंय? आणि जेवायला बसला, डाव्या बाजूनं. मी त्या दिवशी पोळी जरा मऊ केली. माफी वगैरे आमच्यात नसते.

आता रोज जेवण झाल्यावर पीहूचे दात मी घासते. डॉक्टरीण म्हणाली, पोरांच्या हाताला आठ वर्षांपर्यंत अक्कल नसते, मोठ्यांनी घासायचे. ती पेस्ट खाते, मी ओरडते, ती थुंकते, अर्धं माझ्या लुगड्यावर. मग ती माझी कवळी तोंडातच घासते, आणि मला म्हणते, दादी, मागचे नीट झाले नाहीत, परत उघड.

गल्लीतली पोरं अजून येतात. परवा एक आला, मावशीच्या हाताला धरून, आ वासून. मी आधी मधून मोजते. पाचपर्यंत माझा, आणि तोही आपणहून लोंबत असेल तर. सहावा असला की म्हणते, जा बाप्पा, हा डॉक्टरणीचा. धंदा कमी झाला, काय करता.

तुम्हाला पोरं आहेत ना? मग लिहिणं झालं की घरी जा, उजेडात उभं करा आणि मोजा. म्हणतात ना, दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत. माझे चणे डब्यात आहेत आणि दात त्या वाटीत. पीहूचं दोन्ही एका जागी राहो, बाकी मला काही मागायचं नाही.