मापाचा फ्रॉक

मी गेवराईची, ताई. म्हंजे माहेर गेवराईचं, दिलेली इकडं नांदूरघाटला. अब्बा टेलर व्हते, बाजाराच्या रस्त्याला एक मशीन टाकायची जागा, बस एवढीच दुकान, पन हात असा व्हता की लोक लगीन ठरलं की आदी अब्बाकडं कापड टाकायचे आन मग पत्रिका छापायचे. मी शाळेतून आले की तिथंच बसायची, काज कर, बटन लाव, टीप उसव. अब्बा म्हनायचे, बेटा, गिऱ्हाईक खोटं बोलतं, टेप खोटं बोलत न्हाई. बाया म्हनायच्या मास्तर माझं तेच माप हाय मागच्या सालचं, अब्बा हूं हूं करायचे आन गुपचूप टेप लावायचे. मी हे डोळ्यानं बगितलं, कानानं ऐकलं, आन माझ्या सोताच्या पोरीच्या टायमाला इसरले. काय सांगू तुम्हाला.

लगीन झाल्यावर हितं मशीन मांडली. मालक फळाचा गाडा लावतेत, आज केजचा बाजार, उद्या आनखी कुटला, दिवसभर घरी न्हाई. घरात मी आन सासू. सासू वाईट न्हाई बरं का, उगं कुनाचं पाप घेऊ नये. चार वरसांनी मला पोरगी झाली, अल्फिया. चार वरसं लोकांची बोलनी खाल्ल्यावर झालेली, मग सासूनं तिला काळा दोरा काय, काजळ काय, सगळं केलं. आन एक सांगून ठिवलं, लेकराला टेप लावायचा न्हाई. लेकराला मापलं की वाढ खुंटती. अंगनवाडीत वजनाला बी न्यायचं न्हाई, चार बाया टकामका बगतेत, नजर लागती. अंगनवाडीची ताई दोनदा दारात आली, आमी म्हनलं झोपली हाय.

मग मी तिचे कपडे कसे शिवायची? तर गिऱ्हाइकं कसं मापाचा ब्लाऊज आनून देतेत, ह्याच्यावरून कापा म्हनतेत, तसं. तिचा मापाचा फ्रॉक. अंगातला फ्रॉक काढायचा, धुवायचा, कापडावर पसरायचा, खडूनं रेघ मारायची, की कापला नवा. शिवनीत माया बक्कळ सोडायची, दोन दोन बोटं, म्हंजे लेकरू वाढलं की उसवून मोठा करता येतो. लेकरू म्हनलं की वाढनारच, दुसरं काय करनार.

ती वरसाची झाली तवा ईदला मी लिंबाच्या रंगाचं कापड आनलं, मला कमीज आन तिला फ्रॉक, एकाच थानातलं. आमी दोगी नटून बसलो तर सगळी गल्ली बगायला आली. मला लई हौस त्याची. मग दर सनाला तेच, नवं असो न्हाईतर जुनं, मायलेकीचं एक कापड. माझं अंग बाळंतपनानंतर सुटलं व्हतं, माझी कमीज मी दोनदा उसवली. तिचा फ्रॉक एकदाबी उसवला न्हाई. लोकं म्हनायचे, तुजी पोरगी किती शांत गं, मशीनच्या पायाशी बसली की उठत न्हाई, रडत न्हाई, कायी मागत न्हाई. मी म्हनायची, माझी पोरगी शानी हाय, अम्मीचं काम ओळखती. तिचं पोट साफ व्हायचं न्हाई, कातडी कोरडी पडायची, दोन वरसं उलटली तरी अम्मीच्या पुढं शब्द न्हाई. तर सासू म्हनायची, हिचा बाप बी उशिरा बोलला. झालं, मिटलं.

आन ताई, आता खरं सांगते, हे मी मालकाला बी सांगितलेलं न्हाई. मला दिसलं व्हतं. दुसऱ्या ईदच्या आदी मी तिचा फ्रॉक मोठा करावा म्हनून उसवायला घेतला, आदी एकदा अंगात घालून बगितला, तर तो सरकन गेला खाली, कुटं वढ न्हाई, कुटं तानलं न्हाई. माझा हात थांबला. पन ईदचं काम डोक्यावर, वीस जनीचे कपडे पडलेले, मी म्हनले चला बरं झालं, एक काम वाचलं. खुश झाले मी. वर आनखी चार बायात मिरवलं की माझा हात असा हाय, एक फ्रॉक दोन ईदा पुरवते.

मग वर्षा आली. खालच्या गल्लीतली, शेतकऱ्याची सून, चांगली बाई हाय. तिची स्वरा आन माझी अल्फिया आठ दिवसाच्या फरकानं झालेल्या. तवा दोगी अडीच वरसाच्या. वर्षाच्या भावाची हळद व्हती, तिला फ्रॉक पाहिजे. माझ्या खुंटीला अल्फियाचा नवाच शिवलेला लटकत व्हता, ती म्हनली हाच घालून बगू की, दोगी एकाच वयाच्या, माप तेच असंल. मी म्हनले बगा की. तिनं स्वराला घातला. डोकं गेलं, एक हात गेला, दुसरा हात बाहीत अडकला तो अडकलाच, आन खाली बगावं तर घेर निम्म्या मांडीवर. पोरगी रडाया लागली. वर्षा हासली, म्हनली भाभी तुमची लईच नाजूक हाय. मी बी हासले. मग टेप काढला, स्वराचं माप घेतलं, कागदावर लिवलं. लांबी अठरा.

ती गेल्यावर मी दाराला कडी लावली. सासू नमाजला बसलेली. अल्फिया मशीनपाशी, चिंध्या घेऊन. मी तिला उभी केली आन पयल्यांदा, ताई, अडीच वरसात पयल्यांदा माझ्या पोरीला टेप लावला. साडेचौदा. मला वाटलं टेप वाकडा पडला. परत लावला. मग पेटीतून तो लिंबाच्या रंगाचा काढला, वरसाची असतानाचा, तो तिच्या अंगाला लावला तर बरोबर. दीड वरसात दोरीभर फरक न्हाई. जगाची मापं घेनारी बाई मी, दिव्याखाली अंधार म्हनतेत तो हाच. मी तिला पोटाशी धरून बसले, ती निवांत बसली, तिला वाटलं खेळतेय.

दुसऱ्या दिवशी मालकाला संगं घेऊन तिला बीडला लेकराच्या डाक्टरकडं नेली. त्यांनी रक्त तपासलं, म्हनले गळ्यात एक ग्रंथी असती, तिचं काम हिच्यात कमी हाय, जन्मापासून असंल, म्हनून वाढ न्हाई, म्हनून शांत. गोळी चालू करा, रोज, जन्मभर. उंची भरून निगल. पन पयल्या दोन-तीन वरसात डोक्याची जी वाढ व्हायची ती थोडी मागं राहिली असंल, किती ते आताच सांगता येत न्हाई. मग त्यांनी इचारलं, तुमच्या लक्षात कसं आलं न्हाई, कपडे लहान व्हत नव्हते का? मी पोरीचा फ्रॉक सारखा करत बसले. आन मालक, त्यांच्या मनात कायी न्हाई हो, साधा मानूस, कौतुकानं सांगतेत कसं, कपडे तर साहेब हीच शिवती घरी, टेलर हाय ती. डाक्टर गोळी लिवायला लागले. एखादी शिवी घातली असती तर बरं वाटलं असतं.

आता सगळं सासूवर ढकलता येतं. पन टेप माझ्या गळ्यात व्हता, तिच्या न्हाई. आता सासूच रोज सकाळी उपाशीपोटी गोळी देती, आपल्या हातानं, मला देऊ देत न्हाई.

अल्फिया आता सहाची झाली. पयलीत जाती. उंची निगाली बगा, वाढली पोरगी. बोलती, भांडती बी, मशीनपाशी आता मिंटभर टिकत न्हाई. पन माझा टेप घेऊन आकडे मोजती आन बाराच्या पुढं अडती, परत एकपासून चालू करती. स्वरा शंभरपातुर म्हनती. शाळेतल्या बाई म्हनतेत येईल हळूहळू. येईल न येईल, ते बाराच्या पुढचं माझ्या नावावर हाय, ते मी कुटं नेऊन टाकू.

मायलेकीचं एक कापड मी त्या दिवसापासून बंद केलं. माझं जुनंच घालते. महिन्याच्या एक तारखेला तिला दाराच्या चौकटीला उभी करून टेप लावते, सासू तवा उटून आत जाती.

परवा काय झालं, गेल्या ईदचा फ्रॉक तिला घालत व्हते, तर काखेत वढला. मी तिकडून खाली वढते, तिनं हात वर केलेले, डोकं आत, आन आतून वराडली, आमच्या घरी दख्खनीच बोलतो ना आमी, "अम्मी, ये छोटा हुआ मेरेकू!" मी वढायचं सोडून तिथंच बसले. ती आत अडकलेली, चिडलेली, आन मी रडाया लागले. मग उलटा करून बगितला तर शिवनीत सोडलेली माया सगळी आदीच उसवून संपलेली, आता मोठा करायला जागाच न्हाई.

नवं कापड आनलंय, हे बगा. अल्फिया म्हनती, तेरेकू बी सी. तुला बी शिव. बगते. आदी तिचं कापते, टेप लावून. तुमच्या घरी लेकरू असंल तर त्याला सुखी ठेवो अल्ला, आन माझ्यासाठी एक दुआ मागा, माझ्या पोरीला माझं कापड कदी पुरू नये.