माहितीप्रमाणे व समजुतीप्रमाणे

हसाल तुम्ही, पण मी धर्मपिता झालो तो असा. आमच्या दावीदला मुलगी झाली. म्हणाला, "बाप्तिस्म्याला धर्मपिता म्हणून तूच उभा राहा."

"अरे, मला प्रार्थना करतानासुद्धा शंका येतात. पोरीच्या वतीने उत्तरं कशी देऊ?"

"शंका आल्या तरी प्रार्थना करतोस ना? मग झालं तर!"

मी तेव्हा रत्नागिरीच्या कोर्टाबाहेर लोकांचे अर्ज लिहून द्यायचो. अर्ज कुणाचाही असो, खाली खरेपणाचं ठरलेलं वाक्य तेच: 'वरील मजकूर माझ्या माहितीप्रमाणे व समजुतीप्रमाणे खरा आहे.' रविवारी चर्चमध्ये पोर घेऊन उभा राहिलो. पाद्रीसाहेबांनी विचारलं, "सैतानाला सोडलंस काय?"

"सोडलं." तेवढं सोपं होतं.

"देवावर तुझा विश्वास आहे काय?"

खोटं बोलवेना, नाही म्हणवेना. सवयीने तोंडातून निघून गेलं, "माझ्या माहितीप्रमाणे व समजुतीप्रमाणे, होय."

दावीदच्या बायकोने तोंडाला पदर लावला. पाद्रीसाहेबांनी शांतपणे पोरीच्या कपाळावर पाणी घातलं आणि माझ्या कानाशी वाकून म्हणाले,

"माझंही तेवढंच आहे. पोर नीट धर, घसरत्येय."